उपचार यंत्रांची वायर : वापरताना मोकळी, ठेवताना सैल

मागच्या थंडीतली गोष्ट. रात्री साडेअकराला वस्तीतल्या एका घरातून फोन आला. "जयभीम सिस्टर, आईच्या मशीनपाशी काहीतरी जळल्याचा वास येतोय." आम्ही फोनवरच सांगितलं, "आधी मेन स्विच बंद कर, आईला सिलिंडरवर घे, मग बाकीचं." चप्पल पायात अडकवून आम्ही निघालो.

दहा बाय बाराची खोली. मावशी साठीच्या पुढच्या. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेला, आता फुफ्फुसं साथ देत नाहीत. डॉक्टरांनी रोज किमान पंधरा तास ऑक्सिजन सांगितलेला, म्हणून घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आलेला. खोलीत प्लग एकच, तोही दाराजवळ. पलंग समोरच्या भिंतीला. मुलाने बाजारातून दहा मीटरचं गोल डबीचं रीळ आणलं होतं. वायर लागत होती तीन मीटर, म्हणून तेवढीच बाहेर काढलेली. उरलेली सात मीटर डबीतच गुंडाळलेली. पोरांचा पाय लागू नये म्हणून डबी पलंगाखाली सरकवलेली आणि वर गोधडीची घडी ठेवलेली. त्या रात्री मुलगा दुसऱ्या पाळीवरून आला आणि अंघोळीला पाणी तापवायचा रॉड त्याच डबीच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला गेला.

आम्ही डबी बाहेर काढली तेव्हा आतली वायर एकमेकीला चिकटून तिचा गोळा झाला होता. गोधडीला बशीएवढा काळा डाग पडला होता. मावशींच्या नाकाला जाणारी ऑक्सिजनची नळी तिथून वीतभर अंतरावर होती.

त्या मुलाने हलगर्जीपणा केला नव्हता. त्याने घर नीटनेटकं ठेवलं होतं. चूक आमची होती. त्या घरी आम्ही त्याआधी दोनदा जाऊन आलो होतो. ऑक्सिजन किती लिटरवर ठेवायचा, बाटलीतलं पाणी कधी बदलायचं, नाकाजवळची कातडी सोलवटली तर काय करायचं, हे सगळं शिकवलं. पलंगाखाली मात्र वाकून पाहिलं नाही. नर्सिंगच्या डिप्लोमात यंत्रं शिकलो, वॉर्डात वर्षानुवर्षं ती चालवली, पण वायर म्हणजे वायरमनचं काम, असंच डोक्यात बसलेलं. म्हणून या वेळचं आरोग्याचं पान वायरीसाठी.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. रुग्णालयाचं ऑडिट करायला निदान कोणाला तरी नेमता येतं. आपल्या एका खोलीत जेव्हा ऑक्सिजन मशीन, नेब्युलायझर, बायपॅप, कफ ओढायचं सक्शन मशीन किंवा हवेची गादी येते, तेव्हा ती खोलीच वॉर्ड होते. तिचं ऑडिट आपल्यालाच करावं लागतं.

गुंडाळलेली वायर का तापते?

वायरीतून वीज गेली की ती थोडी तापतेच. मोकळ्या वायरीची ही उष्णता हवेत निघून जाते. गुंडाळलेल्या वायरीत एक वेढा दुसऱ्याला तापवतो आणि मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. वरून गोधडी टाकली तर आणखीच कोंडते.

दुसरी गोष्ट विजेच्या भाराची. पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन साधारण ३५० वॅटचं असतं. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर ते दीड अँपिअर वीज घेतं. रॉड दीड हजार वॅटचा. दोन्ही मिळून आठ अँपिअर. वीज दुप्पट झाली की वायरीतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. स्वस्त रीळात बहुधा असते तशी ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची बारीक तांब्याची वायर धरली, तर दहा मीटर वायरीत एकट्या मशीनमुळे जेमतेम एक वॅट उष्णता तयार होते. रॉड जोडला की तीच तीस वॅटच्या वर जाते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं आणि त्याने धातूचं कथील वितळतं. म्हणजे मावशींच्या पलंगाखाली, गोधडीच्या आत, रात्रभर एक सोल्डरिंग आयर्न चालू राहिलं असतं.

म्हणून पहिला नियम : वायर चालू असताना रीळ पूर्ण उलगडलेलं हवं. दोन मीटर लागत असली तरी दहाही मीटर बाहेर काढा. चांगल्या प्रतीच्या रीळावर बऱ्याचदा दोन आकडे छापलेले असतात, गुंडाळलेलं असताना किती वॅट चालेल आणि पूर्ण उलगडल्यावर किती. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच लहान असतो. तो विकत घेण्याआधी वाचा. आकडाच नसेल तर ते रीळ रुग्णासाठी घेऊ नका.

त्याहून चांगला उपाय : पलंग हलवा

ऑक्सिजन मशीनच्या माहितीपुस्तिकेत बहुतेक वेळा एक्स्टेन्शन वापरू नका, मशीन थेट भिंतीतल्या प्लगला लावा, असंच लिहिलेलं असतं. आपल्या घरात प्लग नको तिथे असतो हे खरं. पण वायर पलंगापर्यंत नेण्याआधी पलंग प्लगपर्यंत नेता येतो का ते बघा. मावशींच्या घरी शेवटी तेच केलं. कपाट उचलून समोर ठेवलं, पलंग दाराजवळच्या भिंतीला आला. वायर लागलीच नाही आणि मावशींना दारातून गल्लीही दिसू लागली.

पलंग हलवता येत नसेल तर वायरमनकडून पलंगाजवळ पक्का प्लग बसवून घ्या. भाड्याची खोली असेल तर घरमालकाशी बोला. खर्च मशीनच्या किमतीपुढे फार थोडा आहे.

एक्स्टेन्शनशिवाय गत्यंतरच नसेल तर एवढं पाळा :

• वायर तांब्याची, आयएसआय चिन्हाची, तीन तारांची आणि १.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी. लांबी गरजेपुरती. दहा मीटर घेऊन सात गुंडाळून ठेवण्यापेक्षा तीन मीटरचीच घ्या.
• त्या बोर्डावर उपचाराचं यंत्र सोडून दुसरं काही लावू नका. रॉड, इस्त्री, इंडक्शन शेगडी, हीटर तर मुळीच नाही.
• एका एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन जोडू नका.
• वायर गादीखालून, चटईखालून, दाराच्या फटीतून नेऊ नका. भिंतीच्या कडेने न्या.
• बोर्ड जमिनीवर नको. फरशी पुसताना पाणी लागतं. भिंतीला वीतभर उंचीवर पक्का बसवा.

दोन पिनांचा सापळा

बाजारातल्या अनेक स्वस्त गोल डब्यांना दोनच तारा आणि दोनच पिना असतात. मशीनच्या प्लगला तीन पिना असतात. वरची जाड, लांब पिन अर्थिंगची. यंत्राच्या आत कुठे वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता या पिनेतून जमिनीत जावी, म्हणून ती असते. प्लग बसत नाही म्हणून मध्ये दोन पिनांचा जोड लावला किंवा ती पिन कापली, की यंत्र चालतं, पण हे संरक्षण जातं. घामाने भिजलेला, सलाइन लावलेला, हात हलवायची ताकद नसलेला माणूस शॉकपासून स्वतःला सोडवून घेऊ शकत नाही. त्यामुळे तीन पिनांचं यंत्र तीन पिनांच्याच प्लगला.

घरात अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. जमत असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी भार वाढला तर वीज तोडतो. माणसाला शॉक बसत असताना वीज तोडायचं काम आरसीसीबी करतो. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

आपोआप आत जाणारी वायर

वॉर्डात फिरवायच्या एक्सरे मशीनला आणि काही ट्रॉलीवरच्या यंत्रांना वायर आपोआप आत ओढून घेणारं रीळ असतं. घरात असंच रीळ व्हॅक्यूम क्लीनरला किंवा बटणाच्या एक्स्टेन्शनला दिसतं. आत एक चपटी पोलादी स्प्रिंग असते. वायर ओढली की ती आवळते, बटण दाबलं की सुटते आणि वायर आत खेचते. सोय मोठी आहे, पण वायरीचा जो भाग रोज ओढला जातो, वाकतो आणि घासतो, तोच नेमका डोळ्यांआड जातो. त्यामुळे :

१. वायर प्लगला लावण्याआधी पूर्ण बाहेर काढा. वायरीवर शेवटाजवळ रंगीत खूण असते, बहुधा आधी पिवळी आणि मग लाल. लाल खूण दिसली की थांबा. त्यापुढे ओढलं तर आतला जोड तुटतो.
२. आत सोडण्याआधी यंत्र बंद करा, भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग हाताने धरून काढा. वायर धरून हिसका देऊ नका.
३. एका हाताने बटण दाबा, दुसऱ्या हाताने प्लग धरून वायर हळूहळू आत सोडा. मोकळी सोडली तर प्लग चाबकासारखा उसळतो. रुग्णाच्या तोंडावर किंवा लेकराच्या डोळ्याला लागू शकतो.
४. वायर अर्ध्यात अडकली तर कोंबू नका. पुन्हा थोडी बाहेर काढा, पीळ सोडवा, मग आत जाऊ द्या.
५. रीळ उघडून स्प्रिंग काढायचा प्रयत्न करू नका. आवळलेली स्प्रिंग सुटली तर हात कापते.
६. ओली किंवा मळलेली वायर आत जाऊ देऊ नका.

वायर गुंडाळून ठेवायची कशी?

आपल्याकडे सर्रास पाहायला मिळतं ते असं : अंगठा आणि कोपर यांच्याभोवती वायर फिरवायची, वर दोन वेढे आवळून गाठ मारायची आणि खिळ्याला टांगायची. कपडे वाळत घालायच्या दोरीला हे चालतं. वायरीच्या आत मात्र केसांसारख्या बारीक तारांचा जुडगा असतो. कोपराभोवतीच्या प्रत्येक वेढ्याला वायरीत एक पीळ पडतो, आणि गाठीपाशी आणि खिळ्यापाशी ती दुमडते. दुमडलेल्या जागी एकेक तार तुटत जाते. बाहेरून काही दिसत नाही. मग एके रात्री "मशीन मध्येच बंद पडतं, वायर हलवली की चालू होतं" अशी तक्रार येते. वायर हलवून मशीन चालू करणं हा उपाय नाही. ती वायर बदलायची वेळ झालेली आहे.

योग्य पद्धत अशी :

• प्लग काढल्यावर वायर थंड होऊ द्या. मग जमिनीवर सरळ पसरून पीळ काढा.
• जेवणाच्या ताटाएवढे सैल वेढे घ्या. एक वेढा वरून घ्या, पुढचा खालून आत वळवा. असे आलटून-पालटून वेढे घेतले की पीळ साठत नाही आणि उलगडताना गाठी पडत नाहीत. मंडप-लाउडस्पीकरवाल्या पोरांना ही पद्धत ठाऊक असते, त्यांच्याकडून शिकून घ्या.
• बांधायला कापडी पट्टी किंवा चिकटपट्टा घ्या. रबरबँड वितळून चिकटतो, लोखंडी तार रुतते.
• वायर यंत्राच्या अंगाभोवती आवळून गुंडाळू नका. वायर जिथे यंत्रात शिरते ती तिची मान. तिथे चार बोटं सैल सोडा.
• सुटी होणारी वायर वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा, पिशवीवर यंत्राचं नाव लिहा आणि पिशवी यंत्रालाच बांधा. दिसायला सारख्या वायरींची अदलाबदल होते आणि जाड वायरीच्या जागी बारीक लावली जाते.
• टांगायचं असेल तर रुंद खुंटी घ्या, खिळा नको. ऊन, ओल आणि उंदीर या तिन्हींपासून लांब ठेवा. उंदरांचा त्रास असेल तर पत्र्याचा डबा उत्तम.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटरचा प्रोब, बीपी मशीनची नळी, ईसीजीच्या तारा यांनाही हाच नियम. त्या तर अजून नाजूक असतात.

पुसताना

आधी प्लग काढा. कापड सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि यंत्राकडून प्लगकडे पुसत या. मग कोरड्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. प्लगच्या पिनांना पाणी लावू नका. रुग्णाला संसर्गाचा आजार असेल तर कोणतं औषध वापरायचं हे यंत्राच्या पुस्तिकेत पाहा. फरशीसाठीचं ब्लीचिंग वायरीवर वापरलं तर वेष्टण कडक होऊन तडकू शकतं. आपोआप आत जाणारी वायर पूर्ण बाहेर काढूनच पुसा.

ऑक्सिजन असलेल्या घरात

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्याला जोर देतो. नळीतून सुटणारा ऑक्सिजन उशी, गोधडी, साडीच्या पदरात साठून राहतो, आणि एरवी नुसती विझून जाणारी ठिणगी तिथे पेट घेते. म्हणून ऑक्सिजनची नळी पलंगाच्या एका बाजूने आणि विजेची वायर दुसऱ्या बाजूने न्या. नळी काढून ठेवताना मशीन बंद करा, चालू नळी गादीवर टाकू नका. मशीन भिंतीपासून फूटभर पुढे ठेवा, त्याच्यावर कपडे वाळत घालू नका.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांबद्दल. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे आपण मेणबत्ती, अगरबत्ती लावतो. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णापासून ज्योत किमान दहा फूट लांब हवी, आणि दहा बाय दहाच्या खोलीत दहा फूट मिळत नाहीत. अशा घरात वंदना फुलांनी करा. आम्ही हे सांगितलं तेव्हा मावशी लगेच म्हणाल्या, "मग फुलं पुरेत की." कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

दर रविवारी पाच मिनिटं

यंत्र बंद करून, प्लग काढून वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उजेडात पाहा. कुठे चीर, उंदराचे दात, रंग बदललेला, वेष्टण कडक किंवा चिकट झालेलं? प्लगच्या पिना काळ्या पडल्यात? प्लग सॉकेटमध्ये सैल बसतो? यांपैकी काहीही दिसलं तर वायर बदला. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. उपचाराच्या यंत्राच्या वायरीला मध्ये जोड चालत नाही. सगळं धड दिसलं तर यंत्र अर्धा तास चालवून कोरड्या हाताच्या मागच्या बाजूने प्लग आणि वायर चाचपा. कोमट चालेल, चटका लागता कामा नये.

काही झालंच तर

जळका वास, ठिणगी किंवा धूर दिसला की आधी मेन स्विच बंद करा. रुग्णाला राखीव सिलिंडरवर घेऊन खोलीबाहेर काढा. धूर किंवा ज्योत असेल तर सिलिंडर चालू करायला तिथे थांबू नका, आधी माणूस बाहेर, ऑक्सिजन नंतर. वीज चालू असताना आगीवर पाणी टाकू नका. आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. कोणाला शॉक बसत असेल तर त्याला हात लावू नका. वीज तोडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारा. शुद्ध आणि श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका.

शेवटी एक काम

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत अनेक मंडळांकडे आणि संस्थांकडे ऑक्सिजन मशीन आल्या. त्यातल्या कित्येक आज कपाटावर पडून आहेत, वायर आवळून गुंडाळलेल्या अवस्थेत. ज्यांच्याकडे अशी मशीन आहे त्यांनी ती या महिन्यात खाली उतरवावी, वायर तपासावी, मशीन चालवून पाहावी. गरजूला देताना वायरीचे नियमही सोबत कागदावर लिहून द्यावेत.

आणि आपल्या प्रत्येक वस्तीत आयटीआय झालेला एखादा तरी वायरमन असतो. त्याला महिन्यातून एका रविवारी विहारात तासभर बसायला सांगा. ज्यांच्या घरी उपचाराचं यंत्र आहे त्यांनी आपली वायर, आपलं रीळ घेऊन यावं. आमच्या वस्तीत हे सुरू झालं आहे. तपासणीच्या टेबलावर मावशींच्या घरातलं ते वितळलेलं रीळ ठेवलेलं असतं. मावशींचा मुलगाच ते घेऊन येतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, "तुमच्या पलंगाखाली काय आहे, बघितलंय का?"